जाहिरातीत ६५०, हिशेबात ४००

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. माझे आणि यजमानांचे, दोघांचेही ऑफिस मुंबईत असल्याने जूनपासून मुलुंड किंवा घाटकोपर येथे वन बीएचके भाड्याने घेण्याचा विचार आहे. आम्ही दोघे, मुलगा आणि सासूबाई अशी घरात चार माणसे. एजंटने दोन घरांचे प्लॅन मोबाइलवर पाठवले असून ते सोबत जोडले आहेत. मुलुंड पूर्वेच्या नव्या टॉवरमधले घर ‘६५० चौरस फूट’ आहे आणि घाटकोपर पश्चिमेच्या जुन्या सोसायटीतले ‘४८० कार्पेट’. भाडे जवळजवळ सारखेच आहे. मुलुंडचे घर १७० फुटांनी मोठे असल्याने लगेच टोकन द्यावे, असा एजंटचा आग्रह आहे. आम्हालाही प्लॅनमध्ये तिथली बेडरूम प्रशस्त वाटते. घरे रविवारी पाहायला मिळतील. त्याआधी नुसत्या प्लॅनवरून मोठे घर कोणते हे ठरवता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठरवता येईल. दोन्ही प्लॅनचा हिशेब मांडल्यावर घाटकोपरचे घर मोठे निघाले, तेव्हा रविवारपर्यंत टोकन देऊ नका.

पहिली गोष्ट अशी की, हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. मुलुंडच्या ६५० पुढे ते कोणते क्षेत्रफळ आहे हे लिहिलेलेच नाही आणि मुंबईत आकड्यापुढे काही लिहिलेले नसेल, तर तो सुपर बिल्ट-अपचा आकडा आहे असे समजूनच पुढे जावे. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडी येते, आणि त्याशिवाय जिना, लिफ्ट, मजल्यावरची लॉबी, कधी कधी क्लब हाउस, यांतला त्या फ्लॅटच्या नावावर टाकलेला वाटाही येतो. या वाट्याला एजंट ‘लोडिंग’ म्हणतात. लोडिंग किती लावावे याचे कायद्यात माप नाही, त्यामुळे ते एका इमारतीत पंचवीस टक्के असते, तर दुसऱ्या इमारतीत साठ. ‘सरसकट तीस टक्के वजा करा’ हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल, पण तो माझ्या मते टाळावा, कारण ज्या इमारतीत सर्वांत जास्त फुगवटा असतो तिथेच तो सर्वांत जास्त फसवतो.

कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्रफळ. या शब्दाला मात्र आज कायद्याची व्याख्या आहे. २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली पोकळी), बाल्कनी आणि खासगी गच्ची धरायची नाही, पण घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरायची. हा कायदा राबवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे काम मे २०१७मध्ये सुरू झाल्यापासून नोंदणीकृत प्रकल्पांत विकासकाला फ्लॅट या मापानेच विकावा लागतो. पण हे बंधन विकासकाच्या विक्रीसाठी आहे. घरमालक स्वतःचा फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा तो किंवा त्याचा एजंट जुनाच सुपर बिल्ट-अपचा आकडा सांगत राहतो आणि त्याला कोणी अडवत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांतला आकडा बाजूला ठेवून खोल्यांच्या मापांवरून आपली बेरीज आपणच करावी, हे उत्तम.

मुलुंडच्या प्लॅनवर हॉल १० × १७ फूट लिहिला आहे, म्हणजे १७० चौरस फूट. पण हॉलची आकृती नीट पाहा. मुख्य दरवाजातून आत आल्यावर पहिले चार फूट हॉलची रुंदी फक्त चार फूट आहे, कारण उरलेला सहा फुटांचा कोपरा संडास-बाथरूमने घेतला आहे. लिहिलेले माप लांबीच्या आणि रुंदीच्या सर्वांत मोठ्या ठिकाणचे आहे. ते खोटे नाही, पण त्या दोन आकड्यांचा गुणाकार हे हॉलचे क्षेत्रफळ नव्हे. ते १४६ चौरस फूट भरते आणि त्यातले दारालगतचे १६ फूट केवळ ये-जा करण्याचे आहेत, तिथे चपलांच्या कपाटापलीकडे काही मावणार नाही. बेडरूम ११०, स्वयंपाकघर ५६, बाथरूम २८, संडास १४ आणि आतला पॅसेज २८ धरून सगळी बेरीज ३८२ होते. आतल्या भिंतींचे सुमारे १८ फूट मिळवले की कार्पेट साधारण ४०० चौरस फूट येते. जाहिरातीतल्या ६५० पैकी २५० फुटांवर तुम्हाला सतरंजीसुद्धा अंथरता येणार नाही.

आता ती प्रशस्त दिसणारी बेडरूम. प्लॅन कागदावर छापून घ्या आणि साधी फूटपट्टी लावा. घरातल्या दरवाजांपैकी बेडरूमचा दरवाजा बहुधा तीन फुटांचा असतो, म्हणून मोजण्यासाठी तोच धरावा. बाथरूमचा अडीच फुटांचा किंवा त्याहूनही अरुंद असतो, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. तुमच्या प्लॅनच्या छापील प्रतीवर बेडरूमचा दरवाजा ६ मिलिमीटर भरतो, म्हणजे २ मिलिमीटरला एक फूट. खोलीची रुंदी २० मिलिमीटर आहे, म्हणजे दहा फूट, आणि ती लिहिलेल्या मापाशी जुळते. याच पट्टीने पलंग मोजला, तर तो ९ × साडेदहा मिलिमीटर भरतो. याचा अर्थ प्लॅनमधला डबल बेड साडेचार फूट रुंद आणि सव्वापाच फूट लांब आहे. दुकानात मिळणारा मोठा डबल बेड सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो. कपाटही दीड फूट खोल दाखवले आहे. कपडे हँगरला टांगायचे तर कपाटाला दोन फूट खोली लागते. प्लॅनमध्ये पलंगाच्या पायथ्यापासून कपाटापर्यंत सव्वाचार फूट मोकळी जागा दिसते ती यामुळेच. खरे फर्निचर ठेवले की ११ फुटांतून साडेआठ फूट जातात आणि अडीच फूट उरतात. तेवढ्यात कपाटाचे दार उघडते, पण दार उघडे असताना मागून दुसऱ्या माणसाला जाता येत नाही. भिंती खऱ्या मापाच्या आणि फर्निचर लहान, ही युक्ती भाड्याच्या प्लॅनमध्ये इतक्या वेळा आढळते की पलंग मोजल्याशिवाय कोणत्याही बेडरूमला मोठी म्हणू नये.

फूटपट्टी लावण्याआधी एक खात्री करून घ्यावी. दरवाजा कसा उघडतो हे दाखवणारी जी कमान प्लॅनमध्ये असते, ती वर्तुळाचा बरोबर चौथा भाग असायला हवी. कमान चपटी किंवा उभट दिसत असेल, तर चित्र मोबाइलवर एका बाजूने ताणले गेले आहे आणि त्यावरची मापे आडवी-उभी वेगवेगळी येतील. तुमच्या दोन्ही प्लॅनमध्ये ती ठीक आहे.

घाटकोपरच्या प्लॅनमध्ये हॉल १६०, बेडरूम १२६, स्वयंपाकघर ७२, बाथरूम २६, संडास १२ आणि पॅसेज २१ असे ४१७ चौरस फूट होतात. बेडरूमलगतची बंदिस्त केलेली बाल्कनी ३५ फुटांची आहे. ती आणि आतल्या भिंती मिळवून आकडा ४७०च्या आसपास जातो. मालकाने बाल्कनीही कार्पेटमध्ये धरली आहे, रेराच्या व्याख्येत ती बसत नाही, पण तुमच्या वापराला ती येणार आहे. राहिलेला दहाएक फुटांचा फरक मनावर घेऊ नका.

या प्लॅनमध्येही एक जागा मात्र तपासायला हवी. हॉलच्या खिडकीकडच्या शेवटच्या दोन फुटांवर दुहेरी रेघ आहे. तो फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेर झाडांसाठी बांधलेला कट्टा, असावा. जानेवारी २०१२मध्ये मुंबईचे विकास नियम बदलले आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड, कपाटांचे कोनाडे हे सारे एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जेवढे बांधकाम करता येते त्यात, मोजले जाऊ लागले. त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जास्तीचा, एफएसआय मिळाला. त्याआधी ही जागा एफएसआयमधून सुटत असे, म्हणून त्या काळातल्या कितीतरी इमारतींत खिडकीबाहेर फ्लॉवर बेड आहेत आणि पुढे भिंत काढून ते खोलीत घेतलेले आहेत. अशा ठिकाणी जमीन चार-सहा इंच उंच असते, कधी वरून तुळई खाली उतरलेली असते. टाइल्स एकसारख्या असल्या, तरी पायाला पायरी लागते. तिथे कुंड्या, मुलाची पुस्तके राहतील, पण पलंगाचे दोन पाय वर आणि दोन खाली ठेवता येत नाहीत. हे २० फूट सोडून दिले तरी घाटकोपरला वापराची जागा बाल्कनीसह ४३२ फूट उरते आणि मुलुंडला ३८२. मुलुंडला प्लॅनमध्ये बाल्कनी नाहीच. चार माणसांच्या घरात हे ५० फूट फार मोलाचे आहेत: सासूबाईंचा दिवाण हॉलमध्ये लावला, तर मुलाला अभ्यासासाठी दार लावून बसता येईल अशी जागा, म्हणजे ती बंदिस्त बाल्कनी, फक्त घाटकोपरच्या घरात आहे.

रविवारी जाताना मोजपट्टी घेऊन जा, आणि त्याआधी घरचा फ्रिज, गोदरेजचे कपाट, सासूबाईंचा दिवाण आणि वॉशिंग मशिन मोजून कागदावर लिहून ठेवा. खोली गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजावी. प्लॅनवरची मापे पुष्कळदा गिलाव्याआधीच्या विटांच्या भिंतींची असतात, म्हणून लांबीत किंवा रुंदीत इंच-दीड इंच कमी भरले तर ती फसवणूक समजू नये. कोपऱ्यातला खांब खोलीत किती पुढे आला आहे हे भिंतीलगत मोजा, कारण कपाट खोलीच्या मधोमध नाही, तर त्याच कोपऱ्यात ठेवायचे असते. एजंट घाई करत असेल, तर एक टाइल मोजून टाइल्स मोजत जावे. नव्या घरांत बहुधा दोन फुटांची टाइल असते, पण गृहीत धरू नका, मोजा. एजंटने पाठवलेले फोटो जागेच्या अंदाजासाठी वापरू नका. मोबाइलच्या वाइड कॅमेऱ्याने दहा फुटांची खोली चौदा फुटांची भासते.

घर पसंत पडले की मालकाकडे खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला सारांश-उतारा, मागा. त्यावर फ्लॅटचे क्षेत्रफळ लिहिलेले असते. ते कार्पेट आहे की बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसकट) हेही वाचा, आणि चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ने गुणा. मुलुंडची इमारत महारेरात नोंदलेली असल्यास संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती आणि कागदपत्रे पाहता येतात. हा आकडा पुढे लिव्ह अँड लायसन्स कराराच्या परिशिष्टात कार्पेट म्हणून लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. भाड्याची बोलणी मात्र कराराच्या आधीच करावीत. ‘बेरीज ४००ची येते, मग भाडे ६५०चे का?’ हा प्रश्न मापांचा कागद पुढे ठेवून विचारला की उत्तर टाळणे अवघड जाते.

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत एक खोली भाड्याने मिळते आहे. मालक ‘पोटमाळा धरून ३०० फूट’ म्हणतात. खोली १० × १६ आहे. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : खोली १६० चौरस फुटांची आहे, आणि भाडे ठरवताना तेवढाच आकडा धरावा. उरलेले १४० फूट पोटमाळ्याचे आहेत. मुंबईच्या विकास नियमांत पोटमाळा ही सामान ठेवण्याची जागा मानली आहे आणि तिची उंची जास्तीत जास्त दीड मीटर धरली आहे, म्हणजे पाच फुटांहूनही कमी. जुन्या चाळींचे छत उंच असल्याने काही माळ्यांवर झोपता येते, हे खरे. तेव्हा माळ्यावर चढून त्याच्या फळ्यांपासून आढ्यापर्यंत आणि खाली माळ्याच्या फळ्यांखाली अशा दोन्ही ठिकाणी उंची मोजा. माळ्याखाली सात फूट मिळत नसतील, तर वरच्या जागेसाठी खालची खोली अडवली गेली आहे, आणि मग भाडे वाढवण्याऐवजी कमी करायला सांगावे. गॅलरी सामाईक असेल, तर ती कोणत्याही हिशेबात धरू नका.