आधी विरजण मागा

"वर्ष झालं इथं येऊन, पण शेजारच्या घरात कोण राहतं ते ठाऊक नाही." समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकानं हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारे कधी नोकरीसाठी आलेलं जोडपं असतं, कधी मुलाकडे राहायला आलेले आईवडील. पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं: "इथली माणसंच तशी."

म्हणून ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पाच-सहा भेटींचं बोलणं आटवून घेतलं आहे.

काका साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलानं त्यांना सांगलीहून पुण्याजवळच्या वाकडला आणलं. अकरावा मजला, मजल्यावर चार फ्लॅट.

"मी माझ्याकडून सगळं केलं, मॅडम. दिवाळीला तिन्ही घरी काजूकतलीचा अर्ध्या किलोचा बॉक्स दिला. 'थँक यू अंकल' म्हणाले आणि दार लावलं. आता लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर करत नाहीत."

"असं का झालं असेल?"

"माणूसघाणी आहेत, दुसरं काय. एवढं दिल्यावर त्यांनी यायलाच हवं होतं."

त्या 'यायलाच'मधला 'च' मी कागदावर लिहून घेतला. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं काम करणाऱ्याला हे एक अक्षर पुष्कळ सांगून जातं. 'आले असते तर बरं वाटलं असतं' यात नुसती इच्छा आहे. 'यायलाच हवं होतं' म्हटलं की हुकूम होतो, आणि हुकूम न पाळणारा माणूस आपोआप वाईट ठरतो.

पण खरी गडबड बॉक्समध्येही होती. काजूकतलीची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. घराचा हप्ता भरणाऱ्या जोडप्यानं तेवढंच परत काय द्यायचं? ते जमत नाही, मग संकोच वाटतो आणि संकोच वाटला की माणूस लिफ्टमध्ये मोबाइल काढतो. त्यात दिवाळी, प्रत्येक घरी असे दहा बॉक्स येऊन पडलेले. शिवाय पुठ्ठ्याचा खोका कचऱ्यात जातो. तो परत करायला कुणी येत नाही.

"पुढच्या वेळी काही देऊ नका," मी म्हटलं. "मागा."

काकांना ते मुळीच आवडलं नाही. "चौतीस वर्षं कर्ज मंजूर करणारा माणूस आहे मी. मागणारा नाही."

"बँक कर्ज देते ते कुणाच्या पैशातून?"

"ठेवीदारांच्या."

"म्हणजे आधी घेते, मग देते."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हसून म्हणाले, "आणि ठेव मागायला लाजतही नाही. वर जाहिरात देते." एवढी नेमकी उपमा मला सुचली नसती.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात याच तऱ्हेचा अनुभव लिहिला आहे. विधानसभेतल्या एका विरोधकाकडून त्यांनी एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्यानं आभार मानून परत केलं, आणि त्या माणसाशी त्यांची कायमची मैत्री जडली. आपण ज्याला मदत करतो, तो आपल्याला बरा वाटू लागतो.

मात्र गरज खरी हवी. खोटी गरज लगेच कळते. काकांच्या घरी दही पिशवीचं येई आणि त्यांना घरी लावलेलं हवं होतं, म्हणून विरजण ठरलं. चमचाभर विरजण द्यायला काही खर्च येत नाही, ते उभ्या उभ्या देता येतं आणि त्यावर दोन वाक्यं हमखास निघतात. कढीपत्त्याची काडीही चालते. मिक्सर, सिलिंडर, पैसे, गाडीची किल्ली मात्र पहिल्या वर्षात मागू नये.

वेळही ठरवली: सकाळी अकरा-साडेअकरा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी एक ते चार नाहीच. पुण्यात तर नाहीच नाही. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागं उभं राहायचं. "आत या" म्हटलं तरी पहिल्या खेपेला जायचं नाही, "पुन्हा येतो" म्हणायचं. वाटी आपली न्यायची, तीही स्टीलची.

शेजारी तेलुगू कुटुंब. ज्या घरात भाताचा शेवट दह्याशिवाय होत नाही, तिथं विरजण नसेल कसं? काकांना ते मिळालं. अर्धा लिटर दूध उकळून, बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट करून त्यात एक छोटा चमचा विरजण मिसळायचं. दूध गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर दही लागत नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. थंडीत भांडं फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावं. काकांचं पहिलं दही पाणचट झालं. मी म्हटलं, उत्तम, पुन्हा विचारायला जा. दुसरं नीट लागलं तेव्हा तीच वाटी भरून ते शेजारी देऊन आले.

वाटी तिथंच राहिली. दोन दिवसांनी शेजारीण ती परत घेऊन आली, आवकाय लोणच्याच्या चार फोडी घालून. भांडं रिकामं परत करू नये, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दारातच तिनं विचारलं, "अंकल, वाटीवर नाव आहे ते आंटींचं का? आमच्याकडेही भांड्यांवर असंच नाव घालतात." आणि तिनं ते नाव वाचलं.

हे सांगताना काका थांबले. "घरात मुलगा 'आई' म्हणतो, सूनही 'आई' म्हणते, नात 'आजी'. ती गेल्यापासून तिचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं." त्या दिवशी दारात उभे राहून ते वीस मिनिटं पत्नीबद्दल बोलले. माझ्याकडे चार भेटींत बोलले नव्हते तेवढं.

वाटी मी सुचवली होती, त्यावरचं नाव माझ्या हिशोबात नव्हतं. पण पुढची दिशा तिनंच दाखवली. सांगलीत वाट्या फिरवायचं काम पत्नीचं होतं. काकांना शेजार मिळत होता तो तिच्या हातून. ती गेली तेव्हा शेजारही गेला, आणि त्याचा राग वाकडच्या तीन दारांवर निघत होता. शेजाऱ्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की आता मी हेही विचारते: आधीच्या घरी हे काम कोण करायचं?

वाटी फिरू लागल्यावर काही गोष्टी बिघडतातच. प्रमाण हा नेहमीचा घोटाळा. दोन पुरणपोळ्या किंवा सहा कोथिंबीर वड्या पुष्कळ झाल्या. डबाभर दिलं की पुन्हा कर्ज सुरू. रिकामी वाटी आली तर तो अपमान नव्हे, आणि पंधरा दिवस आली नाही तरी स्मरण देऊ नका. "आम्ही बाहेरचं खात नाही" असं ऐकलं तर कारण विचारत बसू नये. आपल्याकडे अशा वेळी शिधा देण्याची जुनी रीत आहे; नारळ, लिंबं, शेवग्याच्या शेंगा द्याव्यात. जैन घरी कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालत नाही. केक देताना अंडं आहे की नाही ते आधी सांगावं. शेंगदाण्याचा कूट आपल्या इतक्या पदार्थांत असतो की तो सांगायचाच विसरतो, आणि एखाद्या मुलाला त्याची अ‍ॅलर्जी असते.

संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू ही चांगली संधी आहे, पण मजल्यावरच्या एकट्या बाईला वगळून ते करणार असाल तर न केलेलं बरं.

काकांनी कोजागरीला मजल्यावरच्या सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. बारा जणांसाठी दोन लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दीड लिटर होईपर्यंत आटवलेलं. साखर घालण्याआधी मधुमेह असलेल्यांचे दोन पेले वेगळे काढले, उरलेल्यात शंभर ग्रॅम साखर, मग बदाम, वेलची, जायफळ. गच्चीसाठी सेक्रेटरींना आधी विचारलं होतं. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन कुटुंबाचा वाटा त्यांनी साडेपाचलाच, चंद्र उगवायच्या आधी, त्यांच्या घरी पोचवला. रात्री ते कुटुंब नुसतंच बसायला वर आलं, येताना सतरंजी घेऊन.