फोम गुंडाळला की हायड्रेट टळलं?

खोल समुद्रातल्या गॅस पाइपलाइन हायड्रेट नावाच्या बर्फासारख्या घट्ट पदार्थाने तुंबतात. त्याबद्दल नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधून आणि इंजिनीअरिंगच्या मुलांकडून तेच ते प्रश्न येत आहेत. त्यांतले चार घेतो.

निफाडला थंडीत दव गोठतं, तसाच पाइपमध्ये बर्फ होतो का?
नाही. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात वायू अडकला की हायड्रेट होतं. बर्फाला शून्य अंश लागतं. 100 बार दाबाखाली (हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट) मिथेनचं हायड्रेट 12 अंशांनाही जमतं, आणि खोल समुद्राचं पाणी असतं 4 अंशांच्या आसपास. पाइप तुंबवणारा 'बर्फ' हाच, हे हॅमरश्मिट या अमेरिकी संशोधकाने 1934 मध्येच दाखवलं होतं.

घरच्या गॅस पाइपमध्येही होईल का?
नाही. तिथे तेवढा दाबच नसतो.

विक्रेता म्हणतो, 'आमचा फोम लावा, रसायन लागणारच नाही.' खरं का?
हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं, तीही काही काळच. थर्मासमधला सकाळचा चहा संध्याकाळी कसा लागतो? गॅसचं तर वजनच कमी. तेलाइतकी उष्णता त्यात मावत नाही. म्हणून लांब गॅसलाइनला बहुधा ग्लायकॉल, म्हणजे हायड्रेट रोखणारं रसायन, सोडावंच लागतं. प्रवाह चालू असताना सगळं छान दिसतं. खरी परीक्षा लाइन बंद पडल्यावर. गार होत ती हायड्रेटच्या तापमानाला पोचेपर्यंतच्या तासांत दाब उतरवायचा किंवा मिथेनॉल (तेही हायड्रेट रोखतं) घालायचं. 'बघू, सकाळी साहेब आल्यावर ठरवू' म्हणत हे तास घालवणारे पाहिले की संताप येतो.

आणि ब्रोशरमधला उष्णता रोखण्याचा आकडा कोरड्या प्रयोगशाळेतला असतो. हजार मीटर खोलीवर बाहेरून सुमारे 100 बार दाब येतो. साधा पॉलियुरेथेन फोम उघडा ठेवला तर चिरडतो. तो पाइपच्या आत पाइप घालून मधल्या पोकळीत भरतात. उघड्यावर काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांचा सिंटॅक्टिक फोम किंवा पॉलिप्रॉपिलीनचे थर चालतात. पाइपच्या सांध्यांवरचं इन्सुलेशन कसं भरणार, हे विक्रेत्याला आधी विचारा. तो बहुतेक विषय बदलेल. निवड मात्र फ्लो अ‍ॅश्युअरन्सवाल्याकडून (पाइपमधला प्रवाह अडू नये हे पाहणारा इंजिनीअर) गणित करून घेतल्याशिवाय नको.

लाइन तुंबलीच तर एका टोकाचा दाब झटकन सोडला तर?
अजिबात नको. हायड्रेटचा सुटलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा धावतो, वाकणावर पाइप फाडतो, माणसं मरतात. दाब दोन्ही बाजूंनी, हळूहळू, आणि तोही तज्ज्ञ हजर असतानाच उतरवायचा.