ड्रेन बोल्टचं (इंजिन ऑइल काढायच्या, खालच्या बोल्टचं) डोकं गोल झालं असेल तर
आधी तो बारा कोनी पाना बाजूला ठेव. कोपरे घासलेल्या बोल्टवर तोच पुन्हा पुन्हा फिरवलास तर उरलीसुरली पकडही जाईल. सहा कोनी सॉकेट घे, जमल्यास एक नंबर लहान, हातोडीने ठोकून घट्ट बसव आणि लांब हँडलने सावकाश जोर लाव. नाहीच सुटला तर ग्रिप प्लायर (धरलं की अडकून राहणारी पक्कड). गाडीखाली उताणं पडलं की दिशेचा हमखास गोंधळ होतो: बोल्टच्या डोक्याकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवायचं. (आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, स्टँड लावच.)

डोकं तुटून हातात आलं तरी घाबरू नकोस. ताण डोक्यामुळे असतो. ते गेलं की आतला तुकडा बरेचदा सैल पडतो आणि एक्स्ट्रॅक्टरने (तुटका बोल्ट पकडून काढायच्या हत्याराने) निघतो.

खरी डोकेदुखी म्हणजे चेंबरचे (बोल्ट बसतो त्या, तळाच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जाणं, त्यातही चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर. मोठ्या मापाचा, स्वतः आटे पाडणारा बोल्ट ही तात्पुरती मलमपट्टी. माझं मत विचारशील तर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घे. त्यासाठी आटे पाडायच्या टॅपला भरपूर ग्रीस फास, दर फेरीला बाहेर काढून पूस, म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटून येतो. शेवटी वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू दे.

नवा बोल्ट, नवा वायसर, सुरुवात हातानेच. आवळताना छोट्या गाड्यांना साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटर जोर पुरतो, पण मॅन्युअलमधला आकडा बघ.

आज वेळच नसेल तर डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतून हातपंपाने ऑइल ओढून घे. बहुतेक गाड्यांत जमतं.