हलगीच्या तालावर स्ट्रीट डान्स

प्रश्न : माझी मुलगी सांगलीला स्ट्रीट डान्स शिकते. तिचे नृत्यदिग्दर्शक हलगीच्या तालावर पॉपिंग आणि ब्रेकिंग हे स्ट्रीट डान्सचे प्रकार बसवून त्यातून जातिभेदाचा विषय मांडत आहेत. परदेशी नाचात आपला वारसा कशाला मिसळायचा आणि नाचात जात कशाला आणायची, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाच्या बाजातून कष्टकऱ्यांचे प्रश्न मांडले; त्याआधी सत्यशोधकी जलशांनीही हेच केले होते. ब्रेकिंगही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1973 च्या सुमारास, गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन मुलांमध्ये रुजले. डीजे कूल हर्क दोन तबकड्यांवर गाण्यातील तालवाद्यांचा तुकडा लांबवत आणि मुले नेमकी त्याच तुकड्यावर नाचत. फिलाडेल्फियाचे नृत्यदिग्दर्शक रेनी हॅरिस यांनी 1992 मध्ये नृत्यसंस्था स्थापून हाच नाच रंगमंचावर नेला आणि त्यातून आपल्या कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास मांडला. तेव्हा तुमच्या मुलीच्या गुरूंची वाट मुळीच परकी नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पॉपिंगमध्ये स्नायू क्षणभर आवळून झटक्यात सैल सोडतात. हलगीच्या कडक ठोक्यावर ते उत्तम बसेल यात शंका नाही. परंतु हलगी म्हणजे केवळ ठोका नव्हे. वाजवण्यापूर्वी तिचे कातडे विस्तवावर शेकून ताणावे लागते, आणि हे कसब पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग समाजाने जपले. लग्न, जत्रा, कुस्तीचा फड यांतले काहीही ज्यांच्याशिवाय पार पडत नसे, त्या वादकांना गावाने उंबऱ्याबाहेरच ठेवले. त्यांच्या वाद्याचे ध्वनिमुद्रण लावून जातिभेदावर नाच करायचा आणि वादकाला मात्र बोलवायचेच नाही, हे मला अन्यायाचेच वाटते.

म्हणून नृत्यदिग्दर्शकांना नम्रपणे विचारा, की वादक तालमीला पहिल्यापासून असतात का, लय ठरवताना त्यांचा शब्द चालतो का, पत्रिकेत त्यांचे नाव नर्तकांच्या बरोबरीने छापले जाणार आहे का आणि मानधन किती ठरले आहे. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनाही एखाद्या तालमीला अवश्य घेऊन जा.