नाईटवाल्यांचं मत कधी पडणार?

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आमची ड्युटी लिस्ट रविवारी संध्याकाळी लागते आणि सोमवारपासून लगेच चालू. इव्हिनिंग करून रात्री नऊला सुटायचं आणि सकाळी साडेसातला परत मॉर्निंग, असं महिन्यात चार-पाच वेळा होतं. आता युनियनच्या आमच्या शाखेची निवडणूक आलीय, सगळ्याजणी म्हणतात सचिवाला तू फॉर्म भर. घरचे म्हणतात उगं कशाला वाकड्यात शिरतीस, तुलाच जास्त नाईट लावतील. काय करू?

उत्तर : फॉर्म भरा बाई. मी स्वतः वॉर्डात वर्षानुवर्षं काढलीत म्हणून सांगते, रात्री नऊ ते सकाळी साडेसात म्हणजे कागदावर साडेदहा तास, पण हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टवालीला पेशंटची माहिती, देऊन निघेपर्यंत साडेनऊ, मग घरी पोचायचं, लेकरांचं बघायचं, पहाटे उठून डबा करायचा, झोप किती राहिली ते तुम्हीच मोजा आणि तशा डोळ्यांनी आपण इंजेक्शनचा डोस भरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1977 मध्ये नर्सिंगच्या कामासाठी शिफारशी केल्यात, त्यात दोन शिफ्टच्या मध्ये सलग किमान 12 तास विश्रांती मिळावी आणि घरचं नियोजन करता येईल इतकं आधी वेळापत्रक कळावं असं आहे. हा आपल्याकडचा कायदा नाही, त्यामुळं मेट्रनपुढं, म्हणजे नर्सांच्या प्रमुखबाईंपुढं, कायदा म्हणून आपटू नका, पण मागणी म्हणून लेखी द्या : इव्हिनिंगनंतर मॉर्निंग नको आणि लिस्ट निदान आठ दिवस आधी लागावी.

घरच्यांची भीती खोटी नाही. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्येच आहे, तरी त्रास द्यायचा तो देतातच. म्हणून आजच मागच्या तीन महिन्यांच्या लिस्टचे फोटो काढून ठेवा, सगळ्यांच्या, फक्त तुमच्या नाही. फॉर्म भरल्यावर तुमच्याच नाईट वाढल्या तर ते कागदावर दिसेल, नाहीतर नुसती बोलाबोली होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मतदान किती वाजता ठेवलंय ते विचारा. बऱ्याच ठिकाणी अकरा ते दोन ठेवतात, म्हणजे नाईट करून आलेल्या झोपलेल्या, इव्हिनिंगवाल्या अजून यायच्या, आणि मॉर्निंगवालीला वॉर्ड सोडता येत नाही कारण रिलिव्हरच नाही, मग मत देणार कोण? ज्या लिस्टनं आपल्याला पिळलं तीच लिस्ट आपलं मतपण खाते. मतपेटी तिन्ही हँडओव्हरच्या वेळी उघडी पाहिजे, सकाळी सात ते नऊ, दुपारी एक ते तीन आणि रात्री आठ ते दहा. मतदान गुप्तच हवं, आणि निवडणूक बघणारा माणूस स्वतः उमेदवार नको. युनियनची घटना मागून घ्या, सभासद म्हणून तुमचा हक्क आहे, आणि वर्गणीची पावती आहे का बघा, ऐनवेळी मतदार यादीत नाव नाही म्हणून फॉर्म बाद झालेले मी पाहिलेत.

एक कळकळीनं सांगते, निवडून आलात तर स्वतःची नाईट कमी करून घेऊ नका. पहिली बदलायची ती ज्या नवीन पोरीला सलग नाईट लागल्यात तिची लिस्ट.