हाताशी फारसे पैसे नसतील तर तरुणांना जग फिरण्याच्या कोणत्या संधी असतात?

शिकायला जाणं हा मला सगळ्यात भक्कम मार्ग वाटतो. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस मास्टर्स शिष्यवृत्तीसाठी जगातल्या कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. किमान दोन देशांत शिकायचं, फी माफ, वर दरमहा १,४०० युरो. सुट्ट्यांत आजूबाजूचे देश बघून होतातच! अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात, पण प्रत्येक अभ्यासक्रमाची तारीख वेगळी.

पदवी नको असेल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांचा वर्किंग हॉलिडे व्हिसा बघा, म्हणजे तिथे फिरता फिरता काम करून खर्च भागवायची परवानगी. वय साधारण १८ ते ३०. मात्र तुमच्या देशाशी त्यांचा करार हवा, ते आधी तपासा.

आणि स्वयंसेवेच्या नावाखाली भरमसाट फी मागणाऱ्यांपासून जरा जपून. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांना उलट भत्ता मिळतो.