पालक भेटीला येत नाहीत

प्रश्न : मी मुलांच्या सुधारगृहात समुपदेशक आहे. सुटकेआधी आम्ही पालकसभा घेतो, पण बरेचसे पालक फिरकतच नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : सुटकेची वाट पाहण्यातच उशीर होतो. मूल दाखल झालं त्याच दिवशी घरी फोन करा आणि त्यात गुन्ह्याचा विषय काढू नका. मूल सुखरूप आहे एवढं सांगा, मग विचारा: कुठलं औषध चालू आहे? चिडलं की कशानं शांत होतं? कोणाचं ऐकतं? आपल्या माहितीचा उपयोग होतोय हे दिसलं की पालक येतात. नुसती बोलणी खायला कोण येईल?

भेटीची वेळ कामाच्या दिवशी दुपारची असेल तर रोजंदारीवरच्या आईला एका भेटीपायी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. संध्याकाळ किंवा सुट्टीचा दिवस ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांनुसार भेट शक्यतो दर आठवड्याला, महिन्यातून किमान एकदा तरी हवी; पत्र किंवा फोन आठवड्यातून किमान दोनदा.

आणि मुलानं दंगा केला म्हणून भेट रद्द करणं आधी थांबवा. कारण कुठलंही असो, घरच्यांशी संपर्क तोडायला हेच नियम मनाई करतात. लांबून आलेली आजी एकदा दारातून परत गेली की पुन्हा येत नाही.

आजीच म्हटलं, कारण ‘घरचं कोण?’ हे मुलालाच विचारायचं. नोंदवहीत वडिलांचं नाव असतं, सांभाळलेलं असतं मावशीनं, आणि फोन मात्र वडिलांना जात राहतो.